मुळात असेच

२०१९ चा मे महिना. नागपुरात त्या दिवसांत दुपारी एकनंतर रस्त्यावर कुणी दिसत नाही. पारा ४५ च्या पुढे, खिडकीत कूलर, त्याची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते. धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा सहकारी. इतवारीतून फोन आला.

"ताई, तुमचं ते सेव्ह तं झालं म्हणते, पण रंग काही बदलून नाही राहिला जी."

हे काका साड्यांचे व्यापारी. दुकान वडिलांच्या काळापासूनचं. त्यांच्या कापडी पिशवीवर, बिलावर, पाटीवर एकच रंग असतो, गडद मरून. तो रंग वेबसाइटवरही तसाच्या तसा यावा हा त्यांचा आग्रह होता आणि मला तो फार योग्य वाटत होता. इतवारीतल्या गर्दीत माणसं पिशवीवरून दुकान ओळखतात. छापखान्यानं त्यांना त्या रंगाचा सहा आकड्यांचा कोड चिठ्ठीवर लिहून दिला होता. तो त्यांनी स्वतः मोबाइलवरून आमच्या सेटिंगच्या पानावर भरला होता. वर हिरवी पट्टी आली: सेव्ह झालं. तीनदा भरला, तीनदा हिरवी पट्टी आली. रंग मात्र आधीचाच, निळा.

त्या निळ्या रंगाचं कारण शोधता शोधता मी जे शिकले, त्याबद्दल लिहायचं आहे. आणि त्यात माझे आजोबा येतील.

आधी आमचं काम सांगते. लहान दुकानदार, शिकवणी वर्ग, पूजा साहित्यवाले, संत्रा बर्फीवाले अशांसाठी आम्ही एक ॲप्लिकेशन चालवतो. प्रत्येकाचं पान वेगळं, रंग वेगळे, सांगाडा एकच. पान कसं दिसावं हे सांगायला ब्राउझरला सीएसएस ही एकच भाषा कळते, आणि सीएसएसमध्ये पुष्कळ वर्षं रंगाला नाव देण्याची सोय नव्हती. एकच मरून चाळीस ठिकाणी लिहायचा आणि बदलायचा झाला की चाळीस ठिकाणी शोधायचा. २००६ साली हॅम्प्टन कॅटलिन यांनी सास नावाची भाषा मांडली, नॅटली वाइझेनबाउम यांनी ती घडवली. तीत रंगाला नाव देता येतं, त्या नावावरून फिकी-गडद छटा काढता येते, नियमात नियम लिहिता येतो. मग हे सगळं कंपाइल करून ब्राउझरला कळेल असं साधं सीएसएस काढायचं. नावं देवनागरीतही चालतात. आमच्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रंग-मांडणीच्या नियमांच्या फाइलमध्ये, 'मुख्यरंग' आणि 'काठरंग' असे व्हेरिएबल आजही आहेत. साडीच्या दुकानासाठी काम करताना दुसरं नाव सुचलंच नसतं.

बहुतेक लोक हे कंपाइल स्वतःच्या मशीनवर एकदा करतात आणि तयार फाइल सर्व्हरवर टाकतात. आम्हाला तसं करता येत नव्हतं, कारण रंग आमच्याकडे नव्हतेच. ते दुकानदारांकडे होते, डेटाबेसमध्ये, रोज बदलू शकणारे. म्हणून काकांनी सेव्ह दाबलं की त्या क्षणी, चालू ॲप्लिकेशनच्या आतच स्टाइलशीट तयार व्हायला हवी होती.

आमचं ॲप्लिकेशन पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. सास मुळात रुबी या दुसऱ्या भाषेतली. ही दरी दोन पायऱ्यांनी बुजली. आरन ल्यूंग आणि कॅटलिन यांनी २०१२ च्या सुमारास सासचा कंपायलर, म्हणजे सासचं सीएसएस करून देणारा प्रोग्रॅम, सी प्लस प्लस या तिसऱ्या भाषेत नव्याने उभा केला. तो लिबसास. लिबसास एकटा काहीच करत नाही. त्याला हाक मारणारं कुणीतरी लागतं. मग प्रत्येक भाषेतल्या कुणी ना कुणी त्याच्यासाठी रॅपर, म्हणजे त्याला आपल्या भाषेतून हाक मारू देणारी छोटी लायब्ररी, लिहिला: जावास्क्रिप्टच्या नोडसाठी, रुबीसाठी, पायथनसाठी. पायथनच्या रॅपरमध्ये कंपाइल नावाचं एक फंक्शन आहे. त्याला सासचा मजकूर द्या, ते सीएसएसचा मजकूर परत देतं. मध्ये काय घडलं हे तुम्हाला दिसत नाही. पायथनचा मजकूर बाइटांत बदलला, सी प्लस प्लसच्या हद्दीत गेला, तिथे तुटला, जुळला, नव्याने लिहिला गेला आणि परत पायथनचा होऊन आला.

रॅपरला मराठीत वेष्टन म्हणतात, पण मला तो शब्द इथे कधीच पटला नाही. वेष्टन गप्प असतं. बर्फीवरचा कागद बर्फीशी बोलत नाही. ही लायब्ररी मात्र दोन्हीकडून बोलते. हिला दुभाषाच म्हटलं पाहिजे.

आमच्या घरात एक दुभाषा होता. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, १९५० नंतर ज्याला मध्य प्रदेश म्हणू लागले त्या राज्याची, राजधानी होती. राज्यात हिंदी जिल्हे होते, मराठी जिल्हे होते, आणि सचिवालयात कागद दोन्ही भाषांतून यायचे. आजोबा तिथे भाषांतराच्या टेबलावर कारकून होते. त्यांची एक सवय आई अजून सांगते. मूळ अर्जात जमिनीचा खसरा नंबर चुकलेला दिसला, तारीख उलटसुलट असली, तरी ते दुरुस्त करत नसत. भाषांतरात तोच चुकलेला नंबर लिहायचा आणि समासात बारीक अक्षरात नोंद करायची: मुळात असेच. पुढे राज्य बदललं, नागपूरची राजधानी गेली, त्यांचं टेबलही गेलं. पण निवृत्तीनंतर शेजाऱ्यांची पत्रं वाचून दाखवतानाही ते चुकीच्या वाक्यापाशी थांबत आणि म्हणत, इथं असंच लिहिलं आहे हो. लहानपणी मला तो हट्ट वाटायचा. चूक दिसते आहे तर सरळ नीट करून का सांगत नाहीत?

आता त्या निळ्या रंगाकडे येते.

मी डेटाबेस उघडला. काकांचा कोड तिथे होता, सहाच्या सहा आकडे, बरोबर: ८०००२०. हा मरूनच्याच छटेचा कोड आहे. मी तो कितीतरी वेळ बघत राहिले. मग लक्षात आलं की मी तो सहज वाचते आहे, कारण तो देवनागरीत आहे. काकांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड होता. छापखान्याच्या चिठ्ठीवरचे इंग्रजी आकडे बघून त्यांनी मराठी आकडे टाइप केले होते. जो माणूस आयुष्यभर वहीत मराठी आकडे लिहीत आला, त्याच्यासाठी त्यात काहीच वेगळं नव्हतं.

मग आमच्या तपासणीनं ते अडवलं कसं नाही? कारण पायथनला देवनागरी आकडे कळतात. पायथन ३ मध्ये मजकुरात 'कुठलाही अंक' शोधायची जी खूण आहे, ती ८ लाही अंकच म्हणते. 'याचा आकडा कर' असं सांगितलं तर पायथन ८ चा बरोबर आठ करते. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, त्या तापलेल्या दुपारीसुद्धा. ज्या कुणी युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, हा तपशील भाषेत नीट घातला, त्यांनी इतवारीतल्या काकांना गृहीत धरलं होतं.

लिबसासनं तसं धरलं नव्हतं. तिथे रंगाच्या कोडात इंग्रजी शून्य ते नऊ आणि ए ते एफ इतकंच चालतं, आणि सीएसएसचा नियमही तोच आहे. त्यामुळे गडद छटा काढायची वेळ आली तेव्हा त्यानं स्वच्छ नकार दिला: इथे रंग हवा होता, हा रंग नाही. रॅपरनं तो नकार जसाच्या तसा उचलला, पायथनच्या एररमध्ये घातला, ओळ क्रमांकासकट माझ्यापर्यंत आणला. दुभाषानं आपलं काम चोख केलं होतं.

नकार गिळला तो माझ्या कोडनं. चारच ओळी होत्या. कंपाइल करून पाहा, एरर आली तर आधीची स्टाइलशीट तशीच ठेवा. दुकानाचं पान भर दिवसा उघडंबोडकं दिसू नये, हा त्यामागचा विचार होता आणि त्या विचारावर मी आजही ठाम आहे. पण तो नकार मी कुणालाच सांगितला नाही. लॉगमध्ये लिहिला नाही, पडद्यावर दाखवला नाही. वर हिरवी पट्टी लावून दिली. काका तीनदा बोलले, लिबसास तीनदा उत्तरला, आणि मधे उभं राहून मी तिन्ही वेळा सांगितलं की सगळं ठीक आहे. समासात काही लिहिलं नाही, उलट मूळ कागदच दाबून ठेवला.

त्या रात्री घरी आईला हे सांगितलं. ती फक्त म्हणाली, तुझ्या आजोबांना हे आवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसलो. पहिला प्रश्न देवनागरी आकड्यांचा. सहकाऱ्याचं म्हणणं, सरळ एरर दाखवू की आकडे इंग्रजीत टाका. मी अडून बसले. ८०००२० मध्ये काही चुकलेलं नाही. तो आकडा तोच आहे, लिपी वेगळी आहे. लिपी बदलून पलीकडे देणं हे तर दुभाषाचं पहिलं काम, आणि ते आपण केलं नाही म्हणून काकांना दोष लावायचा? आजोबा हिंदी अर्जातला मजकूर मराठीत लिहीतच होते, तिथे समासात नोंद करत नव्हते. नोंद होती ती चुकीसाठी. पाच आकडे आले, कोडात भलतंच अक्षर आलं, तर ती चूक. ती परत माणसाला दाखवायची, आपल्या मनाने सहावा आकडा भरायचा नाही. ही सीमारेषा आखण्यात आमची अर्धी दुपार गेली. ती वाया गेली असं मला कधीच वाटलं नाही.

दुसरी अडचण ओळींची. आम्ही दुकानाचे रंग चौदा ओळींत लिहून मूळ स्टाइलशीटच्या डोक्यावर चिकटवत होतो आणि तो सगळा मजकूर एकदम कंपाइलला देत होतो. त्यामुळे एरर ४१ व्या ओळीत म्हटली की ती खरी २७ व्या ओळीत असायची. फाइलचं नावही धड नसायचं. म्हणजे नकार पोचला तरी पत्ता चुकीचा. रॅपरच्या माहितीपत्रकात नीट पाहिल्यावर त्यावरचा उपाय सापडला. सासच्या मजकुरात 'दुकान' नावाची फाइल आत घ्या असं लिहायचं. अशी फाइल डिस्कवर कुठेच नाही. कंपायलर तिथे पोचला की तो रॅपरमार्फत आमच्या पायथनला विचारतो, हे दुकान कुठे आहे? आणि आमचं फंक्शन डेटाबेसमधून रंग काढून त्याच्या हाती देतं. ओळी जागच्या जागी राहिल्या, पत्ते खरे झाले.

सी प्लस प्लसमधलं काम अर्ध्यात थांबवून पायथनला प्रश्न विचारला जातो, उत्तर घेऊन काम पुढे चालू होतं. रॅपर दोन्हीकडून बोलतो म्हणते ते यामुळे. याचा सगळ्यात मोठा उपयोग बर्फीच्या दुकानासाठी झाला. त्यांना संत्र्याचा रंग हवा होता, आणि नागपूरच्या संत्रा बर्फीला दुसरा कुठला रंग द्यायचा? त्यावर अक्षरं पांढरी हवी होती. ती मोबाइलवर उन्हात वाचताच येत नव्हती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ असावं असं सुगमतेचा, म्हणजे पान सगळ्यांना वापरता यावं यासाठीचा, आंतरराष्ट्रीय निकष सांगतो. भडक नारिंगीवर पांढरं ठेवलं तर ते त्याच्या जवळपासही जात नाही. काळं ठेवलं तर सहज जातं. हे प्रमाण काढायला घातांक लागतो, आणि लिबसासमध्ये घातांकाचं फंक्शन नव्हतं. म्हणून गणित पायथनमध्ये लिहिलं आणि रॅपरमधून सासला दिलं. सासमध्ये एवढंच लिहायचं: या रंगावर शोभेल तो अक्षररंग दे. बर्फीवाल्या दादांना मी दोन्ही पानं त्यांच्या दुकानाबाहेर, उन्हात उभं राहून दाखवली. त्यांनी काळं निवडलं.

मराठीसाठी लिहिलेल्या ओळी मला सगळ्यांत प्रिय आहेत. शीर्षकाची अक्षरं मोकळी करायला आमच्या पहिल्या सांगाड्यात अक्षरांमध्ये जागा सोडली होती. इंग्रजीत ते देखणं दिसतं, देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींची उंची कमी ठेवली की 'मूर्ती'ची वेलांटी आणि रफार वरून छाटले जातात. पानाची भाषा मराठी आहे असं नीट नोंदवलं, तर काही फॉन्ट ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाही. हे सगळं आम्ही एका तुकड्यात लिहून ठेवलं आहे आणि तो प्रत्येक दुकानाच्या स्टाइलशीटमध्ये कंपाइल होऊन जातो.

२६ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सासच्या मंडळींनी जाहीर केलं की लिबसासवर नवं काम करू नका, तो आता मागे ठेवतो आहोत. करोनाचं वर्ष होतं, त्या दसऱ्याला दीक्षाभूमीवरही नेहमीची गर्दी नव्हती. घरी बसून मी ते निवेदन वाचलं. रॅपरचा असा एक धोका असतो, त्याचा जीव दुसऱ्यात असतो. पायथनचा रॅपर उत्तम होता, त्याच्यात काही बिघडलं नव्हतं. पण ज्याच्या वतीने तो बोलत होता, तोच थांबला. सासमधली फाइली जोडायची नवी पद्धत २०१९ मध्ये डार्ट भाषेतल्या कंपायलरमध्ये आली होती, ती लिबसासमध्ये कधीच आली नाही. सीएसएस पुढे गेलं होतं. 'शंभर टक्के किंवा सहाशे पिक्सेल, जे कमी असेल ते' असं आता सीएसएसमध्ये थेट लिहिता येत होतं, आणि लिबसास ते स्वतःचं गणित समजून सोडवायला जायचा आणि एककं जुळत नाहीत म्हणून अडायचा. त्यावर लोक एक युक्ती करत. फंक्शनच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहायचं. सास ते ओळखत नाही म्हणून सोडून देते, ब्राउझर ओळखतो. आम्हीही तसंच केलं होतं. काम व्हायचं, पण दुभाषापासून चोरून चिठ्ठी पाठवल्यासारखं वाटायचं.

२०२२ मध्ये आम्ही डार्ट सासवर, म्हणजे त्या डार्टमधल्या कंपायलरवर, गेलो. तो वेगळी प्रक्रिया, म्हणजे आपल्या ॲप्लिकेशनबाहेर स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम, म्हणून चालवता येतो, एका दाराने मजकूर द्यायचा, दुसऱ्या दाराने घ्यायचा. त्याच्याशी चालू संवाद ठेवायची एक आखीव पद्धतही आहे, पण आम्हाला कंपाइल फक्त सेव्हच्या वेळी लागतं, म्हणून साधा मार्ग धरला. यात एक समाधान आहे. सी प्लस प्लसच्या आत काही कोसळलं तर सोबत आपलं अख्खं ॲप्लिकेशन बसतं. वेगळी प्रक्रिया कोसळली तर ती एकटीच कोसळते, आणि वेळेची मर्यादा घालून तिला थांबवताही येतं. अक्षररंगाचं गणित आता सासमध्येच आहे, घातांक तिथे आला. रंग आता दुकानागणिक वेगळ्या फोल्डरमध्ये लिहून कंपायलरला त्याचा पत्ता देतो, त्यामुळे ओळी अजूनही खऱ्या आहेत.

म्हणजे मधला रॅपर आता मीच लिहिला होता. साठेक ओळींचा. तो लिहिताना मी कंपायलर परत काय देतो ते आधी वाचलं. मजकूर चुकला तर तो ६५ हा आकडा देऊन संपतो, फाइल वाचता आली नाही तर ६६. आणि फाइलमध्ये लिहायला सांगितलं असेल तर एरर आली तरी तो सीएसएस लिहितो, असं सीएसएस की पान उघडल्यावर ती एररच पानावर दिसावी. गिऱ्हाइकांच्या पानावर ते नको म्हणून आम्ही ते बंद केलं. पण बंद करण्याआधी एकदा मुद्दाम चूक करून ते पाहून घेतलं.

त्या साठ ओळींतही एक चूक राहिलीच. नागपुरातल्या महाल भागातल्या पूजा साहित्याच्या दुकानात शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना '॥' आहे, तो सीएसएसमधून येतो. इंग्रजीबाहेरचं अक्षर असलं आणि मजकूर दाबून लहान करायला सांगितला असला, की सास सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालते, हा मजकूर युनिकोडमधला आहे हे कळावं म्हणून. मी दोन स्टाइलशीट एकाखाली एक जोडत होते. दुसरीच्या डोक्यावरची ती खूण मधोमध आली, ब्राउझरनं तिला पहिल्या नियमाच्या नावातलंच अक्षर मानलं आणि तो नियम कशालाच लागू झाला नाही. फक्त ज्या दुकानांत '॥' होता, तिथेच वरची पट्टी गायब. दोन दिवस गेले. शेवटी मजकूर अक्षरागणिक छापून पाहिला तेव्हा ते अदृश्य अक्षर सापडलं. कंपायलरला ती खूण घालू नको असं एका शब्दात सांगता येतं.

आज कुणी विचारतं, एवढं कशाला, आता सीएसएसमध्येच व्हेरिएबल आहेत, नियमात नियम आहेत, रंग मिसळताही येतात. बरोबर आहे. नवं काम सुरू करणाऱ्याला मी तेच सांगेन. आम्हीही साध्या छटा ब्राउझरकडे सोपवल्या आहेत. पण दुकानदारानं भरलेला रंग चालेल की नाही हे त्याच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर कळून उपयोग नाही. सीएसएसला न कळलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो, तो तसाच बनवलेला आहे. कंपायलर सोडून देत नाही. त्याचा नकार मला सेव्हच्या वेळीच हवा आहे, म्हणून तो अजून आमच्या ॲप्लिकेशनच्या आत आहे.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी काकांचा पुन्हा फोन आला. सणासाठी पाटीच्या किनारीला वेगळी छटा हवी होती.

"ताई, ते लाल अक्षरांत काहीतरी लिहून आलं जी. कोडात पाचच आकडे हायेत म्हणते."

"मग असतील काका. चिठ्ठी पाहता का?"

"चिठ्ठी कुठची आता. थांबा, पिशवीवर छापलं असन."

फोन तसाच चालू होता. गल्ल्याचा खण उघडल्याचा आवाज आला, मग कापडी पिशव्यांचा गठ्ठा सरकवल्याचा. पलीकडून ते एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले.